‘गळ्यावर खूण नाही, तर मग दाब कसा?’

मागच्या अंकात मी अटकेच्या झटापटीत होणाऱ्या मृत्यूंवर लिहिलं होतं. पोलिसांनी मानेला विळखा घातला, मानेवर गुडघा ठेवला किंवा पालथं पाडून पाठीवर वजन टाकलं आणि माणूस तिथेच गेला, की मृत्यूच्या कारणावरून इतके वाद का होतात, असा तो विषय. पत्रं भरपूर आली. काही रागाने लिहिलेली आहेत, तीही दोन्ही बाजूंनी. शवविच्छेदन करणं, ते शिकवणं आणि त्यावर कोर्टात साक्ष देणं यातच माझी नोकरी गेली. तेव्हा उत्तरं त्या टेबलापाशी उभी राहूनच देते. कायद्याचे बारकावे वकिलांनी सांगावेत.

प्रश्न : मी वैद्यकीय विद्यार्थी आहे. २०२० मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या शवविच्छेदनात मानेच्या पुढच्या स्नायूंत इजा नव्हती, स्वरयंत्र शाबूत होतं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके नव्हते. तरीही मानेवरच्या दाबाचा उल्लेख मृत्यूच्या कारणात आला. हा लोकांच्या रेट्याखाली काढलेला निष्कर्ष नाही का?

उत्तर : तुम्ही अहवाल वाचून प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं. म्हणून सविस्तर सांगते.

अशा प्रेताची मान आम्ही शेवटी उघडतो. आधी कवटीतून मेंदू काढायचा, छातीतले अवयव काढायचे आणि मानेच्या शिरांतलं रक्त निचरू द्यायचं. घाईने मान आधी उघडली तर शिरांत साचलेलं रक्त स्नायूंत झिरपतं आणि मार लागल्यासारखा डाग दिसतो. त्या डागावरून निर्दोष माणूस अडकू शकतो. निचरा झाला की कातडी हनुवटीपर्यंत वर घ्यायची आणि स्नायूंचे पातळ पट्टे एकेक सोडवून उलटायचे. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू पाहायच्या, फोटो काढायचा, मगच खालच्या पट्ट्याला हात लावायचा. मग स्वरयंत्र, त्याच्या कूर्चेची वरची टोकं आणि जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड हाड. एवढं झाल्यावर प्रेत पालथं करून मानेची मागची बाजू, खांदे आणि पाठ चीर देऊन पाहायची. हा शेवटचा भाग बरेच जण टाळतात, आणि गुडघा तर नेमका तिथेच ठेवलेला असतो.

आता खूण का उमटत नाही ते पाहू. दोरी अरुंद असते, ती कातते. कोपराचा बाक किंवा कपड्यातला गुडघा रुंद आणि मऊ असतो; त्याचा दाब पसरतो, कातडी कोरी राहते. आणि दाबही फार लागत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतले आकडे आठवा : मानेतली जुग्युलर शीर साधारण २ किलोच्या दाबाने मिटते, मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड रोहिणी ४ ते ५ किलोने, श्वासनलिकेला मात्र १५ किलोच्या आसपास लागतात. म्हणजे श्वासनलिका पूर्ण उघडी असतानाही मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डोळ्यांतले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके केव्हा येतात? शीर मिटली आहे पण रोहिणीतून रक्त वर येतच आहे, अशा वेळी. दोन्ही एकदम मिटल्या तर ठिपके न येण्याचीच शक्यता जास्त. तरुण माणसाची कूर्चा लवचीक असते, ती वाकते, मोडत नाही. उशीने नाकतोंड दाबून मारलेल्या माणसाच्या अंगावरही पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि म्हणून तो नैसर्गिक मृत्यू ठरत नाही.

कधी खूण सापडते. पॅरिसमध्ये ३ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी अडवून जमिनीवर दाबलेला सेड्रिक शुविया हा घरपोच मालवाहतूक करणारा माणूस दोन दिवसांनी वारला. त्याचं स्वरयंत्र मोडलेलं होतं. डोक्यावर हेल्मेट असताना ‘गुदमरतोय’ असं तो सात वेळा म्हणाल्याचं ध्वनिमुद्रणात आहे. तिथे कोणी म्हणालं नाही की खूण असेल तरच मानू. खूण होती, तरीही वाद झालाच.

फ्लॉइडच्या बाबतीत ९ मिनिटं २९ सेकंदांचं चित्रण आहे. घटनास्थळाचा पुरावा हा शवविच्छेदनाचा भाग असतो, बाहेरचा नसतो. मिनिआपोलिस ज्या हेनेपिन काउंटीत येतं तिथल्या सरकारी न्यायवैद्यकाने कारण लिहिलं ते असं : पोलिसांनी काबूत आणणं, जखडून ठेवणं आणि मानेवरचा दाब यांच्या ओघात हृदय आणि श्वसन बंद पडणं. मला त्यात रेटा दिसत नाही. त्यांनी जे सापडलं नाही तेही लिहिलं आणि जे घडलं तेही लिहिलं.

प्रश्न : मी ज्युदो शिकवतो. शिमे-वाझा, म्हणजे गळा आवळण्याचे डाव, आमच्याकडे रोज होतात. पोरं शुद्ध हरपली तरी काही सेकंदांत उठून बसतात. तोच डाव पोलिसांनी लावला की एकदम जीवघेणा?

उत्तर : डाव तोच, पण भोवतालचं सगळं वेगळं. तुमचा विद्यार्थी निरोगी आहे, त्याला नियम माहीत आहेत, सोडायचं असेल तर तो हाताने थापटतो. बेड्या घातलेल्या माणसाला थापटता येत नाही. तो धडपडतो, आणि ती धडपड प्रतिकार समजून पकड आणखी आवळली जाते. शिवाय तुमच्याकडे पंचाची नजर घड्याळावर असते.

वेळेबद्दल जुना पण नेमका पुरावा आहे. १९४३ साली रॉसेन, काबाट आणि अँडरसन यांनी मानेभोवती हवेची पट्टी फुगवून तरुण स्वयंसेवकांच्या मेंदूचा रक्तपुरवठा थांबवला. सरासरी ६.८ सेकंदांत ती मुलं बेशुद्ध झाली. १९८२ साली सिअॅटल भागाचे मुख्य न्यायवैद्यक डोनाल्ड रे आणि त्यांचे सहकारी हॉलोवे यांनी पोलिसांचा कॅरोटिड विळखा मोजून पाहिला : डोक्याकडे जाणारं रक्त सरासरी ८५ टक्क्यांनी घटलं. या विळख्यात कोपराचा कोन श्वासनलिकेसमोर रिकामा राहिला पाहिजे आणि दाब फक्त दोन बाजूंना यायला हवा. माणूस जरा वळला की मनगटाजवळचं हाड सरळ गळ्यावर येतं. सरावाच्या मॅटवर हे लगेच लक्षात येतं. रस्त्यावर, रात्री, दोघेही घाबरलेले असताना ते कोणाच्या लक्षात येणार?

लॉस एंजेलिसमधलं अॅडॉल्फ लायन्सचं प्रकरण तुम्ही जरूर वाचा. ऑक्टोबर १९७६ मध्ये गाडीचा मागचा दिवा जळला म्हणून पोलिसांनी त्याला थांबवलं. तो चोवीस वर्षांचा होता. विळख्यात शुद्ध गेली, जाग आली तेव्हा तो जमिनीवर पडून रक्त आणि माती थुंकत होता, कपड्यांतच लघवी आणि शौच झालेली होती, स्वरयंत्राला इजा झाली होती. त्याला वाहतुकीची चिठ्ठी देऊन सोडून दिलं. या विळख्यावर बंदी घाला म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरला. पुन्हा तुमच्याच गळ्यावर हात पडेल हे तुम्ही दाखवू शकत नाही, असं बहुमताचं म्हणणं. विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी नोंदवलं की त्या शहरात अशा विळख्यानंतर १६ माणसं मेली होती आणि त्यांपैकी १२ कृष्णवर्णीय पुरुष होते. मला तो बहुमताचा तर्क आजही पटत नाही. ज्याचा गळा एकदा आवळला गेला त्याने आणखी काय दाखवायचं?

प्रश्न : मी निवृत्त पोलीस अधिकारी आहे. आम्हाला शिकवलं होतं, बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे. ओरडणारा माणूस गुदमरत कसा असेल?

उत्तर : साहेब, हा समज जगभरच्या पोलिसांत आहे, आणि डॉक्टरांतही मी ऐकलाय. पण त्याने माणसं मरतात.

आपण एका साध्या श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते. रक्तात प्राणवायू जातो तो त्यापुढे फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचलेल्या हवेतून. पाठीवर वजन आहे, पोट जमिनीला दाबलंय, हात मागे बांधलेत, अशा वेळी फासळ्या फुलत नाहीत आणि श्वासपटल खाली सरकत नाही. श्वास उथळ होत होत त्या दीडशेच्या जवळ येतो. स्वरयंत्रातून थोडी हवा बाहेर काढायला तेवढं पुरतं, म्हणून तो बोलतो, ओरडतो. रक्ताला मात्र जवळजवळ काही मिळत नाही. ‘श्वास घेता येत नाही’ हे वाक्य, न्यू यॉर्कमध्ये पोलिसाने गळ्याला विळखा घालून खाली पाडलेला एरिक गार्नर ११ वेळा बोलला आणि त्यानंतर गप्प झाला. न्यू यॉर्कच्या पोलिसांना गळ्याचा विळखा १९९३ पासून मना होता. गार्नर गेला १७ जुलै २०१४ रोजी.

आणखी एक. प्राणवायू कमी पडलेला माणूस शांत पडून राहत नाही. छातीला जागा मिळावी म्हणून तो खांदा उचलतो, कंबर वळवतो, पाय झाडतो. वरच्याला वाटतं, हा अजून मस्तीत आहे.

प्रश्न : ज्याचं हृदय आधीच खराब, अंगात अमली पदार्थ, त्याच्या मृत्यूचं खापर पोलिसांवर का? फ्लॉइडच्या रक्तात फेंटॅनिल होतं की नाही?

उत्तर : होतं, मेथॅम्फेटामिनही होतं, आणि हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या होत्या. अहवालात हे सगळं लिहिलंय, कोणी लपवलेलं नाही. पण प्रश्न असा विचारायचा : त्या संध्याकाळी त्याला कोणी खाली दाबून धरलं नसतं, तर तो त्या घटकेला मेला असता का? त्याचं शवविच्छेदन करणारे हेनेपिनचे न्यायवैद्यक अँड्र्यू बेकर यांनी कोर्टात याच अर्थाचं सांगितलं, की त्याच्या हृदयाची ती अवस्था असताना ती झटापट आणि मानेवरचा दाब त्याला सोसण्यापलीकडचा ठरला. आजारी माणसाला धक्का दिला आणि तो गेला, तर आजार धक्क्याचं उत्तर होत नाही.

फेंटॅनिलने मरणारा माणूस कसा मरतो हेही पाहावं लागतं. तो पेंगतो, श्वास मंद होत जातो. श्वसनतज्ज्ञ मार्टिन टोबिन यांनी चित्रणावरून फ्लॉइडचे श्वास मोजले, ते मिनिटाला २२ भरले. फेंटॅनिलने श्वसन दबलं असतं तर ते दहाच्या आसपास दिसले असते. त्यांनीच सांगितलं की शरीरातला प्राणवायू संपल्यावरही गुडघा ३ मिनिटं २ सेकंद तिथेच होता. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलंय. त्या तीन मिनिटांत हृदयाच्या आजाराने किंवा औषधाने काहीही ठरवलेलं नव्हतं. ठरवायचं होतं फक्त उठायचं की नाही.

बचाव पक्षाचे तज्ज्ञ डेव्हिड फाउलर म्हणाले, हृदयाचा ठोका अचानक बिघडला, मृत्यूचा प्रकार ‘अनिश्चित’ ठेवावा. ज्युरीने ते मानलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये मानेवर गुडघा ठेवणारा पोलीस डेरेक शॉव्हिन खुनाबद्दल दोषी ठरला. पण गोष्ट इथे थांबली नाही. फाउलर अनेक वर्षं मेरीलँड राज्याचे मुख्य न्यायवैद्यक होते, म्हणून त्या राज्याने त्यांच्या काळातले कोठडीतले मृत्यू बाहेरच्या तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतले. मे २०२५ मध्ये अहवाल आला : ८७ पैकी ३६ प्रकरणांत तिन्ही परीक्षकांचं एकमत झालं की हे मृत्यू ‘होमिसाइड’ म्हणून नोंदवायला हवे होते. छत्तीस घरं. ‘तुमचा माणूस अपघाताने गेला’, ‘कारण सांगता येत नाही’, ‘आजाराने गेला’ असं सरकारी शिक्क्यानिशी ऐकलेली.

आमच्या नोंदीत ‘होमिसाइड’ म्हणजे दुसऱ्याच्या कृतीने मृत्यू, एवढंच. गुन्हा झाला की नाही हे कोर्ट ठरवतं. गार्नरच्या मृत्यूची नोंद होमिसाइड अशीच होती, मानेवर आणि छातीवर दाब आणि पालथं दाबून धरणं अशी कारणं दिली होती, दमा आणि लठ्ठपणाही त्यात होता. तरी डिसेंबर २०१४ मध्ये ग्रँड ज्युरीने खटला भरायला नकार दिला. संबंधित पोलिसाची नोकरी ऑगस्ट २०१९ मध्ये गेली, तोवर पाच वर्षं उलटली होती.

प्रश्न : पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूचं कारण म्हणून सांगतात तो ‘एक्सायटेड डिलिरिअम’, म्हणजे पराकोटीची उत्तेजित भ्रमावस्था, हा आजार खरा आहे का?

उत्तर : मृत्यूचं कारण म्हणून, नाही. नशेत किंवा मानसिक आजारात माणूस भयंकर अस्वस्थ होतो, अंग तापतं, तो कोणालाच ओळखत नाही, हे खरं आहे आणि ती तातडीने उपचार करायची अवस्था आहे. पण कोकेन घेतलेली माणसं पोलिसांच्या ताब्यात अचानक मरतात, असं सांगताना १९८५ मध्ये मायामीचे चार्ल्स वेटली आणि डेव्हिड फिशबेन यांनी ही कल्पना रुजवली. त्याच वेटलींनी त्या शहरात मेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांबद्दलही असाच कोकेनचा सिद्धान्त मांडला होता. नंतर निघालं की त्यांना कोणीतरी गळा दाबून मारत होतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायवैद्यकांच्या संघटनेने हे निदान नाकारलं, आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने हे निदान मानणाऱ्या २००९ च्या आपल्या निबंधाला दिलेली मान्यता काढून घेतली आणि कॅलिफोर्नियाने कायद्यानेच ते मृत्यूचं कारण म्हणून लिहायला बंदी केली. उशीर झाला, पण झालं.

प्रश्न : मी सेवेत आहे. अंगावर धावून येणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते टेबलापाशी बसून सांगणं सोपं असतं, मॅडम. पालथं पाडल्याशिवाय बेड्या घालता येत नाहीत. आणि पालथं पाडणं सुरक्षित आहे असा अभ्यासही आम्हाला दाखवलाय.

उत्तर : पालथं पाडू नका असं मी म्हणतच नाही, ताई. तुमच्या जिवाची मलाही काळजी आहे. बेड्या लागल्यानंतर काय करता, इथे माझं सगळं म्हणणं आहे.

तुम्ही म्हणता तो अभ्यास बहुधा सॅन डिएगोचा, १९९७ चा. त्यात १५ निरोगी पुरुषांना सायकल चालवायला लावली, मग हातपाय मागे एकत्र बांधून पालथं ठेवलं. प्राणवायू धोक्याइतका घटला नाही. पण त्यांच्या पाठीवर कोणी बसलं नव्हतं. ते भ्यायलेले नव्हते, नशेत नव्हते, आणि थांबा म्हटलं तर सगळं थांबणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून चार जणांच्या वजनाखालच्या माणसाबद्दल बोलता येत नाही.

अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्येच पोलिसांसाठी पत्रक काढलं होतं : बेड्या लागल्या रे लागल्या की त्याला पोटावरून उठवा. एवढंच करायचंय. कुशीवर वळवा किंवा बसवा, पाठीवरून मानेवरून सगळे हटा, एकाने फक्त श्वासाकडे पाहायचं. तो अचानक शांत झाला तर ‘आला ताब्यात’ असं समजू नका. नाडी बघा, नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला घ्या. फ्लॉइडच्या वेळी एका नवख्या अधिकाऱ्याने ‘कुशीवर वळवू या का’ असं दोनदा विचारलं होतं. दुसऱ्याने नाडी पाहिली, ती लागली नाही, तसं तो बोलला. गुडघा तसाच राहिला. म्हणजे ज्ञान तिथे हजर होतं, फक्त वरिष्ठाला अडवायची सोय नव्हती. तुमच्या तुकडीत तुम्ही वरिष्ठ असाल तर आजच सगळ्यांना सांगून ठेवा, की ‘कुशीवर घ्या’ असं सर्वांत धाकट्यानेही म्हटलं तर ते करायचं, चर्चा नंतर.

प्रश्न : आमच्या घरातला मुलगा अटकेच्या वेळी गेला. अहवालात ‘हृदयविकार’ लिहिलंय. आम्ही काय मागायचं? नाव छापू नका.

उत्तर : तुमचं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं, शेवटी नीट लिहायचं म्हणून. जे झालं त्याचं दुःख माझ्या शब्दांनी हलकं होणार नाही, पण काही गोष्टी वेळेत मागितल्या तर उपयोगी पडतात. तुमच्यासाठी यातल्या काहींची वेळ गेली असेल. दुसऱ्या कुणाला लागतील म्हणून सगळ्याच लिहिते.

अंत्यसंस्कारांची घाई करू नका. दुसरं शवविच्छेदन हवं असेल तर ते त्याआधीच होऊ शकतं, आणि प्रेत टिकवण्यासाठी रसायनं भरण्यापूर्वी झालं तर बरं. अहवाल हातात आला की मान थराथराने उघडली होती का, पाठ आणि मानेची मागची बाजू चिरून पाहिली होती का, हे त्यात शोधा. लिहिलेलं नसेल तर लेखी विचारा. ‘मानेवर इजा नाही’ हे वाक्य मान उघडून लिहिलंय की वरून पाहून, यात फार मोठा फरक आहे. हृदयविकार लिहिलाय तर हृदयाचं वजन किती, कोणती रोहिणी किती टक्के बंद, ताजी गुठळी होती का, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं, हे आकडे मागा. चाळिशीपन्नाशीतल्या कितीतरी चालत्याफिरत्या माणसांच्या रोहिण्या अर्ध्या बंद असतात. तेवढ्यावरून त्या मिनिटाचा मृत्यू सिद्ध होत नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी चित्रण पाहिलं होतं का, आणि अहवाल लिहिण्याआधी की नंतर, हे विचारा. पालथं पाडलं कधी, बेड्या कधी लागल्या, हालचाल कधी थांबली, छाती दाबायला सुरुवात कधी झाली, असं मिनिटामिनिटाचं टिपण स्वतः करा. अंगावरचे कपडे जपून ठेवायला सांगा, न धुता. आणि त्याला रुग्णालयात नेलं असेल तर दाखल होताना काढलेला रक्ताचा पहिला नमुना राखून ठेवा, असं त्याच दिवशी लेखी द्या. औषध किती होतं ते त्या नमुन्यातूनच खरं कळतं, कारण मृत्यूनंतर रक्तातली पातळी बदलते, आणि रुग्णालयं असे नमुने काही दिवसांत टाकून देतात.